काडी

गड्ड्याच्या यात्रेत, दारूकामाच्या रात्री
अख्खं सोलापूर होम मैदानावर मान वर करून उभं असायचं.
मी तेवढा खाली बघायचो,
कासीमचाचाच्या बाणाची काडी
कुणाच्या पत्र्यावर वाजते ते.

सकाळी काड्या वेचून दिल्या की पाच पैशाला तीन.
पूर्वभागातल्या मागांवरून
सुताचे रिकामे कोन आणले, तर त्याचे वेगळे:
जाड कागदाचे, निमुळते,
एका तोंडात मूठ जाईल, दुसऱ्यात जेमतेम अंगठा.

आडनाव बाणदार.
खापरपणजा म्हणे उंटावरून
बाणांच्या कैच्या नेत असे.
कुणाच्या फौजेत, चाचा?
"जो पगार देईल त्याच्या."

सोरा तो जिभेवर ठेवून ओळखायचा.
कोळसा तुरकाठीचाच.
बाभळीचा नको, बाभळ आळशी.
डाव्या हाताला बोटं तीन.
उरलेल्या दोनांचा विषय त्यानं काढला नाही,
आम्हीही नाही.

"नरडं आवळ," सुतळीचा फास ओढत तो म्हणायचा,
"मोकळ्या तोंडाची आग नुसती भकभकते.
आवळली की पळते."

पुढे मी भौतिकशास्त्राचा मास्तर झालो.
पुस्तकात भेटले ते सगळे
मला त्याच्याच पत्र्याच्या शेडमधून आत आल्यासारखे वाटले.
बांबूत दारू ठासणारा कुणी चिनी,
ज्याचं नाव उरलं नाही, धूर उरला.
श्रीरंगपट्टणच्या लोखंडी नळ्या,
ज्या जिंकणाऱ्यांनी जहाजात भरून विलायतेला नेल्या,
उघडून पाहिल्या,
आणि आपल्या म्हणून पुन्हा उडवल्या.
कानानं अधू असलेला एक रशियन मास्तर,
ज्यानं एकही बाण न उडवता
कागदावर हिशेब मांडला:
वर जायचं तर जवळचं किती टाकून द्यावं लागेल.
(हा हिशेब फळ्यावर लिहिताना
दर वर्षी माझा खडू मोडतो.)

दुधातून साय वेगळी करणारं यंत्र घडवणाऱ्या एका स्वीडिश माणसाला
वाफेसाठी सुचलं की आवळलेल्या नरड्यापुढे
तोंड पुन्हा रुंद करावं,
म्हणजे वाफ आवाजालाही मागे टाकते.
त्या आकृतीशी मी तासभर बसलो.
दोन कोन, टोकाला टोक लावून.
घंटा झाली, मुलं गेली, मी बसलोच.

मग ते बर्फातलं कोबीचं शेत,
द्रवावर चालणारा पहिला बाण, अडीच सेकंद,
आपल्या सिद्धेश्वराच्या कळसाइतकाही उंच नाही.
आणि नंतर डोंगराखालची ती भुयारं,
जिथं कैद्यांकडून बाण बांधून घेतले.
पडून मेले त्यांच्याहून
बांधताना मेले ते जास्त.
हे मी चाचाला सांगितलं नाही.
त्याच्या डाव्या हाताकडे बघून
जीभ उचलेना.

शेवटचं भेटलो तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू,
तरी अशोक चौकातल्या दुकानाबाहेर
टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसलेला.
श्रीहरिकोटा. उलटी मोजणी. धूर.
पांढरा खांब हळूच, अवजड माणसासारखा,
जागेवरून उठला.

"काडी कुठाय ह्याची?"
काडी नसते, चाचा.
"मग सरळ कसा जाईल? माझा बिनकाडीचा
एकदा वकिलाच्या धोतरात शिरला होता."
आत भोवरा असतो, मी म्हणालो, गरगर फिरणारा.
कलला की भोवऱ्याला कळतं,
मग खालचं नरडंच जरा वळतं.
बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला,
"म्हणजे काडी गिळलीय त्यानं."

पहिला टप्पा सुटला. दुकानातल्यांनी टाळ्या वाजवल्या.
त्यानं मात्र पडद्याच्या खालच्या कडेकडे
डोळे बारीक केले.

"सुटलेलं पडतं कुठं?"
समुद्रात.
"हां," तो म्हणाला,
"मग पोरं वेचत नसतील."